बर्फातली चाकोरी आणि चाकोरीबाहेर

गेल्या अंकात गॅटिनो पार्कमधल्या क्रॉस-कंट्री स्कीइंगबद्दल दीड पान लिहिलं होतं आणि शेवटी, काही विचारायचं असेल तर लिहा, असं म्हटलं होतं. पत्रं भरभरून आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांनी नाव छापू नका म्हटलं त्यांचं ऐकलं आहे, आणि मग सगळ्यांचीच नावं गाळली.

तो अंक न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ओटावाहून नदी ओलांडली की क्वेबेक प्रांत लागतो आणि तिथेच हा पार्क आहे, ३६१ चौरस किलोमीटरचा. नॅशनल कॅपिटल कमिशन तो सांभाळतं. हिवाळ्यात तिथे सुमारे २०० किलोमीटरच्या स्की-वाटा असतात. काही यंत्राने आखून दिलेल्या, काही आडरानातल्या, जिथे यंत्र फिरतच नाही. मी मूळची मिरजेची. १९९७ च्या सप्टेंबरात ओटावाला आले, आणि तेव्हापासूनचा एकही हिवाळा या वाटांशिवाय गेला नाही.

मी नागपूरची, वय ३८. गेल्या वर्षापर्यंत बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिला होता. स्केटिंग येत नाही, सायकलसुद्धा नीट येत नाही. मला हे जमेल का? डोंगरावरून खाली येणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून पोटात गोळा येतो. (एक वाचक, कनाटा)

ताई, तुम्ही व्हिडिओ पाहिलेत ते डाउनहिल स्कीइंगचे. त्यात बूट टाचेसकट स्कीला जखडलेला असतो आणि वर जायला लिफ्ट असते. क्रॉस-कंट्रीत फक्त चवडा अडकवलेला असतो, टाच मोकळी. का, तर चालायचं असतं. चढही आपल्याच पायांनी चढायचा. ज्याला चालता येतं त्याला याचा पहिला धडा येतोच.

पण या चालण्यात एक गोष्ट वेगळी आहे, आणि ती पहिल्या दिवशी कळली तर वर्षभराचा त्रास वाचतो. रस्त्यावर चालताना टेकलेला पाय जागेवरच राहतो. स्कीवर सगळं वजन एका पायावर द्यायचं, त्या पायाने मागे रेटायचं आणि दुसऱ्या पायावर घसरत जायचं. त्या घसरण्यावर विश्वास ठेवून क्षणभर एका पायावर उभं राहायचं. आपण शिकताना नेमकं उलट करतो. भीतीने दोन्ही पाय घट्ट रोवतो आणि मग दोन्ही सुटतात.

मला हे शिकवलं आमच्या शेजारच्या आजींनी. १९९८ च्या जानेवारीत ओटावा-मॉन्ट्रिअलकडे पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडला. झाडं मोडली, विजेचे मनोरे आडवे झाले, आणि आमच्या गल्लीत चार दिवस वीज नव्हती. आम्ही तिघंही त्या आजींच्या लाकडाच्या शेगडीपाशी जाऊन झोपलो. वीज आल्यावर निरोप घ्यायला गेले तर त्यांनी गॅरेजमधून स्वतःच्या जुन्या स्की काढून दिल्या. म्हणाल्या, "या हिवाळ्याची भीती बसायच्या आत चल." पुढच्या शनिवारी त्यांनी मला सपाट जागी उभं केलं आणि हातातल्या काठ्या काढून घेतल्या. तासभर काठ्यांशिवाय! तुम्हीही पहिला तास असाच करा. काठ्या असल्या की माणूस हातांनी ओढतो आणि पाय शिकतच नाहीत.

पडायलाही शिकून घ्या. तोल गेलाच तर बाजूला, बुडावर बसा. उठताना आधी पाठीवर लोळा, दोन्ही स्की हवेत मोकळ्या करा, मग कुशीवर वळून त्या उताराला आडव्या, शेजारीशेजारी ठेवा. गुडघ्यांवर या आणि उभ्या राहा. स्की उताराच्या दिशेने असताना उठायला गेलात तर उठता उठताच निघाल. हे घरी गालिच्यावर दहा वेळा करून बघा. खरंच करा.

जागेचं म्हणाल तर पार्कमधले गाड्यांचे रस्ते हिवाळ्यात गाड्यांना बंद असतात. गॅटिनो पार्कवे, शॅम्प्लेन पार्कवे, फॉर्च्युन पार्कवे हे रुंद डांबरी रस्ते बर्फाखाली जातात आणि त्यांच्याच स्की-वाटा होतात. गाड्यांसाठी बांधलेले म्हणून वळणं मोठी आणि चढ संथ. चेल्सी गावाजवळच्या पी ८ या गाडीतळावरून सुरुवात करा. जाताना रस्ता हळूहळू चढतो, म्हणजे दमाल तेव्हा परतीला उतार तुमच्या बाजूने असेल.

माझे यजमान वाटेच्या कडेने बूट घालून चालत होते, तर एका गृहस्थांनी थांबवून फ्रेंचमध्ये बरंच सुनावलं. बर्फावर चालल्याने असं काय बिघडतं? (ऑर्लिन्स)

त्या गृहस्थांच्या स्वराबद्दल मला वाईट वाटतं. पण त्यांच्या म्हणण्याबद्दल मी त्यांच्या बाजूने आहे आणि का ते सविस्तर सांगते, कारण यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडे मातीच्या रस्त्यावरून बैलगाड्या जाऊन जाऊन दोन चाकांच्या चाऱ्या पडतात, ती चाकोरी. क्लासिक, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून चालायच्या पद्धतीची वाट हुबेहूब तशीच, बर्फात शेजारीशेजारी दोन सरळ चर. फरक इतकाच की ती आपोआप पडत नाही, पाडावी लागते. पट्ट्यांवर चालणारं मोठं यंत्र मागे एक फिरता दंड ओढत जातं. तो दंड बर्फाचे गोठलेले ढेपे फोडतो, कण बारीक करतो आणि वरचा थर दाबून बसवतो. त्यामागून साचा चर उमटवत जातो. पण एवढ्याने वाट तयार होत नाही. फोडलेले कण थंडीत एकमेकांना चिकटून घट्ट व्हायला काही तास लागतात. म्हणून हे काम बहुतेक रात्रीचं किंवा पहाटेचं असतं. आपण झोपेत असताना कोणीतरी उणे वीसमध्ये दिवे लावून ते यंत्र हाकत असतं.

त्या घट्ट होत आलेल्या वाटेवर बूट पडला की खड्डा होतो. दुपारी किंचित वितळून रात्री तो गोठतो आणि दगडासारखा होतो. दुसऱ्या दिवशी उतारावरून येणाऱ्याची स्की त्यात अडकते आणि माणूस तोंडावर पडतो. मनगट मोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या वाटांना इतिहासही आहे. १९१० मध्ये ओटावा स्की क्लब स्थापन झाला, आणि त्याच्या सभासदांनी कुऱ्हाडी-करवती घेऊन या टेकड्यांतून वाटा तोडल्या. पार्क १९३८ चा, म्हणजे वाटा त्याच्याही आधीच्या. इथली जुनी माणसं वाटेबद्दल हळवी असतात ती यामुळे.

तेव्हा चालायचं असेल तर चालण्याच्या आणि स्नोशूच्या (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी) वाटा वेगळ्या आखलेल्या आहेत, तिथे जा. कुत्रा असेल तर तोही स्कीच्या वाटेवर चालत नाही. उजव्या बाजूने राहा. वरून येणाऱ्याला आधी जाऊ द्या, कारण त्याला थांबता येत नाही, तुम्हाला येतं. पडलात तर पटकन बाजूला व्हा, आणि उठल्यावर तुमच्या पडण्याने झालेला खड्डा स्कीने बुजवा. ही शेवटची गोष्ट नवशिके करत नाहीत, आणि माणूस कोणत्या संस्कारात शिकलाय ते मला तिथे कळतं.

यजमानांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी स्की घालून त्याच वाटेवर या. तेच गृहस्थ "बाँजूर" म्हणत जातील.

वॅक्सचा, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाचा, गोंधळ कोणी सोडवेल का? दुकानात हिरवं, निळं, जांभळं, लाल अशा डब्या. विक्रेता म्हणतो वॅक्स नको, स्किनवाल्या घ्या. मी यंत्रांतला माणूस आहे, मागचं कारण कळल्याशिवाय खरेदी होत नाही. (मूळ पुणे, सध्या बारहेवन)

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण मलाही कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही.

स्की हातात घेऊन बाजूने बघा. ती सपाट नाही, धनुष्यासारखी मधे उचललेली आहे. दोन्ही पायांवर वजन वाटलेलं असताना मधला भाग बर्फाला जेमतेम टेकतो. सगळं वजन एका पायावर आणून रेटा दिला की तोच भाग दाबला जाऊन बर्फाला भिडतो. पुढच्या-मागच्या टोकांना घसरायचं असतं, मधल्या भागाला पकडायचं. एकाच पट्टीकडून ही दोन उलटी कामं करून घ्यायची, हीच क्लासिक स्कीची सगळी करामत. खरेदीच्या वेळी दुकानातल्या सपाट फरशीवर स्की ठेवून दोन्ही पायांवर उभे राहा आणि कोणाला तरी पायाखालून कागद सरकवायला सांगा. तो सरकला पाहिजे. एका पायावर आलात की अडकला पाहिजे. दोन्ही वेळा अडकला तर स्की तुमच्या वजनाला मऊ, दोन्ही वेळा सरकला तर कडक. नवशिक्या माणसाला कडक स्की विकली गेली की तो प्रत्येक चढावर मागे घसरतो आणि स्वतःलाच दोष देत बसतो.

आता वॅक्स. ताज्या, थंड बर्फाचे कण टोकदार असतात. मधल्या भागाला लावलेल्या वॅक्समध्ये ती टोकं क्षणभर रुततात, म्हणून पकड मिळते. स्की पुढे निघाली की ती सुटतात, म्हणून घसरता येतं. खूप थंडीत कण फार टणक आणि धारदार असतात, तेव्हा वॅक्सही कडक हवं, नाहीतर टोकं रुतून बसतील, सुटणार नाहीत आणि तळाला बर्फाचे गोळे चिकटतील. ऊब वाढली की कण बोथट होतात आणि मऊ वॅक्स लागतं. हिरवं कडाक्याच्या थंडीला, साधारण उणे १० च्या खाली. निळं उणे २ ते उणे १० च्या आसपास, आणि ओटावात हंगामाचे निम्मे दिवस त्यावरच जातात. जांभळं शून्याच्या जवळपास, लाल ओलसर बर्फाला. वितळून पुन्हा गोठलेल्या, खड्यांसारख्या बर्फाला यातलं काहीच चालत नाही. तिथे क्लिस्टर नावाचा मधासारखा चिकट प्रकार ट्यूबमधून लावतात. हात, कपडे, गाडीची सीट सगळीकडे लागतो, पण पकड देतो.

लावताना एक जाड थर देऊ नका. पातळ थर, बुचाने घासून चोळा, परत पातळ थर, असे तीन-चार. मी बाहेर पडायच्या आधी थर्मामीटर बघते ते दिवसाच्या अंदाजासाठी नव्हे, या डब्यांसाठी.

स्किन म्हणजे मधल्या भागात बसवलेली मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची पट्टी. केस मागे वळलेले, त्यामुळे पुढे घसरतं आणि मागे अडतं. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं. तिसरा प्रकार तळावर माशाच्या खवल्यांसारख्या खाचा असलेला. तो स्वस्त आणि बिनकटकटीचा, पण उतारावर घुरघुरतो आणि वेग थोडा खातो. विक्रेत्याने तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला स्किन उत्तम. तरीही तुमच्यासारख्याने एक हंगाम वॅक्सच्या स्की वापराव्यात असं मला मनापासून वाटतं. उणे ६ ची सकाळ, बरोबर लागलेलं निळं, आणि रेटा दिला की पाय भिंतीवर टेकल्यासारखा घट्ट. हा अनुभव पट्टीवर तितका येत नाही.

एक सावधगिरी. घसरणीसाठीची काही जुनी वॅक्स फ्लोरिनयुक्त असायची. ती रसायनं निसर्गात विरत नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २०२३-२४ च्या हंगामापासून त्यांच्यावर बंदी आली. जुन्या बाजारातून कोणी "स्पर्धेचं वॅक्स" म्हणून दिलं तर घेऊ नका. या वाटांचं वितळलेलं पाणी तळ्यांतच जातं.

स्केटिंग पद्धतीबद्दलही विचारलंत. त्यात चर नाहीत. रुंद, दाबलेल्या वाटेवर स्की फाकवून आळीपाळीने रेटत जायचं, आणि पकडीचं वॅक्स लागतच नाही. १९८० च्या दशकात बिल कॉख या अमेरिकन स्कीपटूमुळे ती पद्धत जगभर पसरली. वेगवान आहे आणि दम काढते. आधी क्लासिक शिका.

मी डोंबिवलीचा, वय २९. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केला आहे, रतनगड-कात्राबाई वगैरे बरेच ट्रेक झाले आहेत. यंत्राने आखलेल्या वाटा मला फार शहरी वाटतात. थेट आडरानातल्या वाटांनी सुरुवात केली तर चालेल ना? (ओटावा)

बाळा, नाही. आणि तू सह्याद्रीतला आहेस म्हणूनच तुझ्याशी जास्त बोलते.

मराठीत आपण चाकोरी हा शब्द जरा हिणवून वापरतो. चाकोरीबाहेर जाणारा तो खरा, असं मनात पक्कं बसलेलं असतं. या एका खेळात तो विचार बाजूला ठेव. आखलेले चर तुझ्या पायांना सरळ धरून ठेवतात, त्यामुळे डोकं तोलाकडे आणि रेट्याकडे लावता येतं. आडरानात ते कोणी धरत नाही. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना मेपल आणि बीचची खोडं, उतारावर तीन फूट भुसभुशीत बर्फ किंवा आधीच्या लोकांनी घासून गुळगुळीत केलेली घसरगुंडी. तिथे थांबायचं तर स्कीची टोकं जवळ आणून, टाचा फाकवून नांगरासारखं घासत यायला लागतं. ते रुंद, सोप्या उतारावर शंभर वेळा केलेलं नसेल तर झाड आलं की पाय ऐकत नाहीत.

सह्याद्रीत पाय ठेवला तिथे राहतो. घसारा असला तरी हाताला कारवीचं झुडूप मिळतं. वाट चुकली तर धार गाठायची, गाव दिसतं, रात्र काढावी लागली तर कपारीत निघते. इथे उणे १८ मध्ये घामाने भिजलेला सदरा घालून बसलास तर रात्र निघत नाही. आणि तुझे स्वतःचे ठसे, ज्यांच्या भरवशावर तू परत येणार, ते अर्ध्या तासाच्या बर्फात बुजतात.

माझंच सांगते. २००६ चा डिसेंबर. मी आणि माझा नवरा वेस्टर्नला निघालो. वेस्टर्न ही पार्कमधली दिवसा बसायची झोपडी, अर्डली कड्याच्या काठावर, समोर ओटावा नदीचं सगळं खोरं. आमचा दहावा हिवाळा, वाट पाठ आहे असं वाटत होतं. निघायलाच दीड वाजला. डिसेंबरात इथे सूर्य ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास मावळतो हे माहीत असून निघालो. रात्रभर पडलेल्या बर्फातून पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे वाट आम्हालाच पाडावी लागली. जी वाट दोन तासांची, ती तीन तासांची झाली. झोपडीत पोचलो तेव्हा उजेड जात होता. शेगडीपाशी वीस मिनिटं बसलो. ती बसायला नको होती, पण हात उघडत नव्हते. परतीला कपाळावरचा दिवा दहा मिनिटांत मंद झाला, कारण तो मी दिवसभर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला होता आणि थंडीने बॅटरी बसली. माझ्या नवऱ्याच्या गालावर पांढरा डाग आला. तो गार त्वचेचा रंग एकदा पाहिला की विसरत नाही. मी हातमोजा काढून तळवा गालावर धरला, रंग येईपर्यंत. आम्हाला परत आणलं ते फाट्यांवरच्या क्रमांकाच्या पाट्यांनी. एक पाटी ते पुढची पाटी, एवढंच बघत आलो. गाडीपाशी पोचलो तेव्हा पावणेआठ वाजले होते. घरी मुलगी अकरा वर्षांची, आजींकडे, खिडकीशी उभी.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत आणि ते मी मोडत नाही. निघतानाच परत फिरायची वेळ ठरवायची, आणि ती झाली की झोपडी शंभर पावलांवर असली तरी वळायचं. कुठल्या गाडीतळावरून, कुठल्या क्रमांकाच्या वाटेने आणि कधी परत, हे घरी लिहून द्यायचं. दिवा आणि फोन आतल्या खिशात, अंगाला लागून. सुती कपडा एकही नाही. आत मेरिनो लोकर, मधे एक उबदार थर, वर वारा अडवणारं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, नाहीतर चढावर घाम येणारच. एक कोरडा सदरा आणि जास्तीचे हातमोजे पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. वारा धरून तापमान उणे २८ च्या खाली असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी आडरानात जात नाही.

बीव्हरने बांध घालून केलेली डबकी आडवाटांवर पुष्कळ आहेत. वरून पांढरं मैदान दिसतं, पण बांधाजवळ आणि झरा येतो तिथे बर्फाचा थर पातळ असतो. मोकळं दिसलं म्हणून वाट सोडून त्यावरून जाऊ नकोस. आणि पुढे कधी पश्चिमेला, रॉकी पर्वतातल्या पार्कांत गेलास तर तिथे हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. बीकन (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र), बर्फात खुपसून शोधायची काठी, फावडं आणि ते वापरायचं प्रशिक्षण नसताना तिथल्या आडरानात पाऊल टाकायचं नाही. गॅटिनोच्या अनुभवावर तिथे जाता येत नाही.

तर असं कर. डिसेंबर आणि जानेवारी आखलेल्या वाटांवर काढ. आधी हिरव्या, म्हणजे सोप्या वाटा, मग निळ्या, म्हणजे मध्यम. फेब्रुवारीत, बर्फ खोल झालेला आणि दिवस मोठा झालेला असताना, एखादी छोटी आडवाट अनुभवी माणसाबरोबर कर. त्यासाठी स्की थोड्या रुंद हव्यात, कडेला धातूची धार असली तर उत्तम. आडवाटांनाही पास लागतो, ते विसरू नकोस. पुढे तुला आवडलं, आणि आवडेलच, तर फिलिप आणि टेलर तळ्यांच्या बाजूला यर्ट, म्हणजे गोल तंबू आहेत, रात्री राहता येतं. सामान घसरगाडीवर ओढत न्यायचं आणि लाकडं घालून शेगडी पेटवायची. त्या रात्रीच्या शांततेत फक्त गोठणाऱ्या तळ्याचा आवाज येतो, खोल, घुमल्यासारखा. मला राजमाचीची रात्र आठवते. तुलाही आठवेल, म्हणून हे सगळं नीट शिकून कर.

सासूबाई नाशिकहून जानेवारीत येताहेत, वय ६४. रोज पाच किलोमीटर चालतात. त्यांना न्यावं का? आणि झोपडीत खायला काय न्यायचं? (गॅटिनो शहर)

गुडघे ठीक असतील तर जरूर न्या, पण पहिल्या दिवशी स्नोशू घालून. सरळ चालता येतं, शिकायला काही लागत नाही आणि पडायची भीती कमी. बाईंना हुरूप आला तर दुसऱ्या आठवड्यात सपाट वाटेवर स्की. हाडं ठिसूळ असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मात्र स्की नकोच.

खाण्याचं तुम्ही विचारलंत याचा मला विशेष आनंद झाला. कीओगन आणि ह्युरॉन या झोपड्यांत लाकडाच्या शेगड्या असतात आणि लोक त्यांवर फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविचेस ठेवतात. मी पोळीत बटाट्याची सुकी भाजी गुंडाळून फॉइलमध्ये नेते. पाच मिनिटांत पोळी खरपूस होते आणि सगळी झोपडी मोहरी-हिंगाने भरून जाते. आजवर कोणी नाक मुरडलेलं नाही, उलट कृती लिहून घेतली आहे. वाटेत खायला गुळपोळी. जानेवारी म्हणजे संक्रांतच, आणि तीळ-गूळ-तुपाचा हा पदार्थ गोठत नाही. चिक्की मात्र नको, उणे १५ मध्ये ती इतकी टणक होते की दाताला धोका. पाणी नळीच्या पिशवीत नेऊ नका, नळी गोठते. थर्मासमध्ये आल्याचा चहा न्या.

मुलगा सात वर्षांचा आहे. शाळेतल्या मुलांकडून जॅकरॅबिटचं ऐकून आलाय. हे काय आहे? (स्टिट्सव्हिल)

कॅनडाभर स्की क्लबांमधून चालणारा लहान मुलांचा शिकवणी-वर्ग. नाव पडलं ते हर्मन स्मिथ-योहान्सन यांच्यावरून, ज्यांना सगळे जॅकरॅबिट म्हणत. ते १८७५ मध्ये नॉर्वेत जन्मले, कॅनडात आले, क्वेबेकच्या लॉरेन्शियन डोंगरांत वाटा पाडल्या, आणि १९८७ मध्ये १११ व्या वर्षी गेले. शंभरी उलटल्यावरही ते स्की करत होते.

पाठवा. शिकवणारे बहुतेक पालकच असतात, खेळ खेळत शिकवतात. माझी मुलगी तिथेच शिकली. एकच विनंती, त्याला "लवकर मोठा होईल" म्हणून दोन मापं मोठे बूट घेऊ नका. आपल्याकडची ती सवय आहे, पण आत पाय हलला की स्की वळत नाही. साहित्य ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घ्या आणि दरवर्षी बदला.

आम्ही पुण्यातच राहतो. भारतात हे करता येईल का? (कोथरूड)

गुलमर्गला. तिथे बर्फ भरपूर आहे आणि लष्कराची परंपराही. भारतातर्फे ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगला २०१४ मध्ये सोचीला नदीम इक्बाल आणि २०१८ मध्ये प्याँगचँगला जगदीश सिंग उतरले. दोघंही लष्करातले. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून होतात, त्यांतही गुलमर्गला नॉर्डिक, म्हणजे क्रॉस-कंट्री प्रकारातलं स्कीइंग असतं. पर्यटकाला मात्र तिथे मुख्यतः डाउनहिलच शिकवतात. क्रॉस-कंट्रीच्या स्की मिळतील का, हे आधी फोनवर पक्कं करूनच तिकीट काढा.

आता मार्च लागेल. हंगाम संपला असं समजायचं का? अलीकडे बर्फही नीट पडत नाही असं सगळे म्हणतात. (नेपियन)

म्हणतात ते खोटं नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात रिडो कालव्यावरचा ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा पट्टा पहिल्यांदाच एक दिवसही उघडला नाही. त्या वर्षी मी कालव्याच्या पुलावर उभी राहून खालचं काळं पाणी बघितलं आणि घरी येऊन रडले. माझ्या मुलीचं बालपण त्या बर्फावर गेलं आहे. टेकड्यांवर शहरापेक्षा थंडी थोडी जास्त टिकते, म्हणून पार्कात अजून बर्फ मिळतो, पण जानेवारीत पाऊस पडणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मी म्हणूनच लोकांना पुढच्या वर्षी शिकू म्हणू देत नाही.

पण मार्चमध्ये हंगाम संपलेला नसतो! मला तर तोच महिना सगळ्यांत प्रिय. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, ऊन चेहऱ्याला लागतं, आणि मेपलच्या खोडांना रस गोळा करायच्या बादल्या लागतात. फक्त घड्याळ बदलायचं. पहाटे वाट काचेसारखी कडक असते, तेव्हा उतारांपासून जपा. साडेआठ-नऊला वरचा थर जेमतेम सैल होतो आणि पुढचे दोन तास सोन्यासारखे जातात. अकरानंतर बर्फ ओल्या साखरेसारखा होतो आणि स्की रुतते. आधी रिज रोडसारख्या झाडीतल्या, सावलीतल्या वाटा करा, पार्कवेचा उघडा भाग लवकर जातो. निघण्याआधी पार्कचा त्या दिवशीचा वाटांचा अहवाल वाचा, कुठे यंत्र फिरलं आणि कुठे डांबर उघडं पडलं ते त्यात असतं. क्लिस्टरची ट्यूब घरूनच उबेला ठेवून न्या, गार असताना ती दाबली जात नाही. आणि जुना टॉवेल ठेवा गाडीत.